उंदराच्या मानेतली कॉइल आणि माणसाचा स्मृतिभ्रंश: प्रारूप नेमकं कशाचं?

सूक्ष्मधमनी (धागाकर्ता)

रक्तवाहिन्यांच्या आजारातून येणाऱ्या स्मृतिभ्रंशावरचे शोधनिबंध चाळले की पद्धतींच्या भागात एक वाक्य हटकून भेटतं: आतून ०.१८ मिमी व्यासाची मायक्रोकॉइल (तारेचं बारीक वेटोळं) मानेतल्या दोन्ही कॉमन कॅरोटिड धमन्यांवर बसवली. हे ‘बीकॅस’ प्रारूप, म्हणजे दोन्ही कॅरोटिड अरुंद केलेला उंदीर. क्योतो विद्यापीठातल्या गटाने २००४ मध्ये ते प्रसिद्ध केलं आणि आता औषधांच्या चाचणीपासून जनुकांच्या अभ्यासापर्यंत सगळीकडे तेच चालतं. निष्कर्षाच्या परिच्छेदात मात्र लेखक ‘सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आजार’ असं लिहून मोकळे होतात.

माझा आक्षेप तिथे आहे. मानेतली मोठी धमनी बाहेरून आवळली की मेंदूला रक्त कमी पोचतं, आपण एवढंच केलेलं असतं. आतल्या बारीक धमनिकांची भिंत आपण बिघडवलेली नसते. माणसात बहुतेक वेळा वर्षानुवर्षांच्या उच्च रक्तदाबाने त्या भिंती जाड आणि ताठ होतात, प्रवाह घटतो तो त्यातून. बीकॅसमध्ये तर कॉइलच्या पुढे धमनिकांवरचा दाब *कमी* होतो. म्हणजे मूळ कारणाची दिशाच उलटी. तरी हे प्रारूप टाकाऊ नाही. कॉर्पस कॅलोसम (मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पट्टा) आणि आसपासच्या पांढऱ्या भागात (व्हाइट मॅटर) १४ ते ३० दिवसांत मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचं वेष्टण, विरळ होतं, करडा भाग (ग्रे मॅटर) बराचसा शाबूत राहतो आणि तिसाव्या दिवसाच्या सुमारास आठ हातांच्या चक्रव्यूहात कामापुरती (वर्किंग) स्मृती घसरलेली दिसते. हे चित्र माणसातल्या तक्रारीशी जुळतं.

तेव्हा प्रश्न असा की काय मोजलं म्हणजे काय म्हणता येतं? शस्त्रक्रिया, ऊतींचं रंगकाम, केशवाहिन्या, धमनिकांचा दाब, ज्याच्या हातात जे आहे त्याने ते लिहावं.

कात्री_चिमटा

शस्त्रक्रियेपासून सुरुवात करतो, कारण निम्मे घोळ तिथेच होतात.

साधारण दहा आठवड्यांचे नर सी५७ब्लॅक६ उंदीर, वजन २४ ते २९ ग्रॅम. मानेवर मधोमध छेद. कॅरोटिडच्या आवरणातून व्हेगस मज्जातंतू *आधी* सुटा करायचा. तो ताणला किंवा चिमट्यात सापडला तर उंदीर टेबलावर ठीक दिसतो, मग पिंजऱ्यात श्वास अडखळून मरतो, आणि वहीत तो मृत्यू ‘रक्तपुरवठा घटल्याने’ म्हणून नोंदला जातो. धमनीखालून ४-० रेशमी धाग्याचे दोन फेरे घ्यायचे, एक वर, एक खाली. धाग्यांनी धमनी हलकेच उचलायची, दुभाजनाच्या जरा खाली कॉइलच्या वेटोळ्यात सरकवायची आणि कॉइल *फिरवत* पुढे न्यायची. धमनी ओढून कॉइलमध्ये घुसवली की आतलं अस्तर सोलतं, गुठळी होते, आणि अरुंद करण्याऐवजी आपण ती बंदच करून बसतो.

मूळ पद्धतीतली कॉइल ०.०८ मिमी जाडीच्या पियानो तारेची, फेऱ्यांमधलं अंतर ०.५ मिमी, एकूण लांबी २.५ मिमी. एका बाजूनंतर ३० मिनिटं थांबून दुसरी बाजू. ही ३० मिनिटं घाईत खाऊ नयेत.

आतला व्यास ०.१६ मिमी केला तर करड्या भागातही इजा आणि मृत्यू वाढतात. ०.२२ ला फारसं काही हाती लागत नाही. ०.१८ ही तडजोड आहे.

गुदद्वारातलं तापमान ३७ अंशांवर अर्ध्या अंशाच्या आत धरा. शरीर थंड पडलं तर मेंदूला आपोआप संरक्षण मिळतं आणि इजा कमी दिसते. जागं होईपर्यंत गरम पिंजरा, पहिले काही दिवस जमिनीवर ओलसर मऊ खाद्य, रोज वजन. आणि एमआरआय करायचा असेल तर कॉइल मागवतानाच चुंबकत्व नसलेल्या मिश्रधातूची मागवा, नंतर आठवून उपयोग नाही.

नवखा_वाचक

शंका आहे. अरुंद करण्याची एवढी कसरत कशाला? दोन्ही धमन्या सरळ बांधून टाकल्या तर? आणि उंदराऐवजी मोठा उंदीर, म्हणजे रॅट, का नको?

सूक्ष्मधमनी

दोन्ही बांधल्या तर सी५७ब्लॅक६ जातीचे बहुतेक उंदीर मरतात. मेंदूच्या तळाशी विलिसचं वर्तुळ असतं, त्यात मागचा पुरवठा पुढच्याशी जोडणाऱ्या ‘पोस्टेरिअर कम्युनिकेटिंग’ धमन्या या जातीत खूप बारीक असतात, काहींत एका बाजूला नसतातच.

रॅटमध्ये हे जोडकाम चांगलं असतं. त्यामुळे दोन्ही कॅरोटिड कायमच्या बांधूनही ते जगतात, आणि ते प्रारूप बीकॅसपेक्षा जुनं आहे. त्याची खोट वेगळी: डोळ्याकडचा पुरवठाही तुटतो आणि ऑप्टिक नर्व्ह खराब होते. मग पाण्याच्या चक्रव्यूहात रॅट वाट विसरला की त्याला भिंतीवरची खूण दिसलीच नाही, हे कसं सांगणार? बाहुलीची प्रकाशाला प्रतिक्रिया तपासल्याशिवाय अशा चाचणीचा आलेख मी मनावर घेत नाही.

तिसरा मार्ग अमेरॉइड कड्यांचा. आत केसिनचा थर असतो, तो पाणी शोषून फुगतो आणि धमनी काही आठवड्यांत हळूहळू बंद होते. एका बाजूला अमेरॉइड आणि दुसरीकडे कॉइल अशी जोडीही वापरतात, त्यात पांढऱ्या भागात छोटे इन्फार्क्ट (रक्ताअभावी मेलेले ठिपके) येतात. माणसाशी साम्य वाढतं, पण दोन बाजू असमान झाल्यामुळे प्रत्येक मोजमाप बाजूनिहाय ठेवावं लागतं.

आकडेमोड

वरच्या ‘बारीक जोडधमनी’ मुद्द्याचा हिशेब कुणी करत नाही म्हणून लिहितो. ज्या उंदरांत ही धमनी सर्वांत बारीक, त्यांच्यात प्रवाह सर्वांत जास्त घटणार आणि तेच आधी मरणार. तिसाव्या दिवशी मेंदू काढता तेव्हा हातात *वाचलेले* उंदीर असतात. औषधाने काही अशक्त उंदीर जगवले असतील तर औषधगटाची सरासरी इजा उलट जास्त दिसू शकते. त्यामुळे प्रत्येक गटातले मृत्यू दिवसानिशी द्यायलाच हवेत.

शेवटी हृदयाच्या डाव्या जवनिकेतून काळी शाई किंवा रंगीत लेटेक्स सोडा, मेंदूचा तळ वर करून फोटो घ्या आणि दोन्ही जोडधमन्यांची जाडी बॅसिलर धमनीच्या (मेंदूच्या तळाची मागची मुख्य धमनी) तुलनेत लिहा. गट माहीत नसलेल्या व्यक्तीने. मात्र हे केलेल्या मेंदूवर रंगकाम नीट होत नाही, म्हणून काही उंदीर त्यासाठी वेगळे राखा.

आणि एका उंदराच्या मेंदूतल्या बारा वाहिन्या मोजल्या म्हणजे बारा नमुने होत नाहीत. नमुना एकच, उंदीर.

रंगकाम

मायलिनबद्दल. क्ल्यूव्हर-बॅरेरा रंगात (लक्सोल फास्ट ब्लू आणि क्रेसिल व्हायोलेट) इजेची प्रतवारी ० ते ३ अशी करतात: ० सामान्य, १ तंतूंची मांडणी विस्कटलेली, २ ठळक पोकळ्या, ३ मायलिनचे तंतू नाहीसे. वाचायला सोपं, फसायला त्याहून सोपं.

०.१ टक्का लक्सोल, ५६ ते ६० अंशांवर रात्रभर. सकाळी ०.०५ टक्के लिथियम कार्बोनेटमध्ये काही सेकंद, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये करडा भाग रंगहीन होईपर्यंत, मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली बघत. ही रंग उतरवण्याची पायरी हाताच्या अंदाजावर चालते. कॉइलवाल्या गटाच्या काचा सोमवारी आणि तुलनेच्या गटाच्या मंगळवारी केल्या, सोमवारी दहा सेकंद जास्त झाले, की ‘मायलिन घटलं’ हा निष्कर्ष तयार! दोन्ही गटांच्या काचा एकाच रॅकमध्ये, लिथियम कार्बोनेट ताजं.

दुसरा सापळा पोकळ्यांचा. ऊती ७० टक्के अल्कोहोलमध्ये जास्त काळ पडून राहिल्या, समजा शुक्रवारी प्रोसेसरमध्ये घालून सोमवारी काढल्या, तर पांढऱ्या भागात आपोआप पोकळ्या पडतात. त्या प्रत २ सारख्याच दिसतात. तुलनेच्या गटातही पोकळ्या दिसू लागल्या तर आधी प्रोसेसरची नोंदवही उघडा. फिक्सेशन (ऊती रसायनाने पक्क्या करणं) कच्चं राहिलं तरी तेच. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडआधी थंड बफर सोडून यकृत फिकं पडलेलं पाहायचं. यकृत लालच राहिलं तर मेंदूतही रक्त उरलेलं आहे, आणि त्या मेंदूत इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातलं प्रतिपिंड) रंगवून ‘रक्त-मेंदू अडथळा फुटला’ म्हणणं फोल आहे.

प्रतवारीला जोड म्हणून मायलिन बेसिक प्रोटीन आणि मायलिन बनवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींची मोजणी हवी. नुसत्या निळ्या रंगावर मी विसंबणार नाही.

लेझर_डाग

प्रवाह मोजण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. लेझर स्पेकल (लेझरच्या ठिपक्यांच्या हालचालीवरून प्रवाह मोजणं) स्वस्त आणि सोपं. टाळू बाजूला केली की कवटीतून दिसतं. पण ते वरच्या काहीशे मायक्रॉनपुरतं. उंदरात कॉर्पस कॅलोसम साधारण एक मिमी खाली. म्हणजे इजा होते एका जागी आणि प्रवाह मोजतो दुसऱ्याच जागी.

आकडे सापेक्ष असतात. दोन उंदरांचे कच्चे आकडे एकमेकांशी ताडू नयेत, प्रत्येकाचा स्वतःच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या आकड्याशी. कवटी सुकली की संकेत बदलतो, सलाइनने ओली ठेवा. आयसोफ्लुरेन वाहिन्या रुंदावतं, म्हणून दर वेळी तेवढंच प्रमाण आणि भूल दिल्यापासून तेवढ्याच मिनिटांनी मोजणी. भुलीत श्वास मंदावून कार्बन डायऑक्साइड वाढला तर दर मिमी पाऱ्यामागे प्रवाह २ ते ४ टक्के वाढतो. खोल भूल दिलेल्या उंदरात कॉइलचा परिणामच दिसेनासा होतो तो असा.

पहिल्या काही दिवसांनंतर प्रवाह हळूहळू सावरतो, पांढऱ्या भागातली इजा मात्र त्याच काळात वाढते. एकदाच, तिसाव्या दिवशी मोजणाऱ्याला हे उलटं चित्र कळतच नाही. खोलवर मोजायचं तर एमआरआयचं आर्टेरिअल स्पिन लेबलिंग (मेंदूकडे जाणाऱ्या रक्तालाच चुंबकीय खूण करणं), पण लेबल मानेतच लावतात, आणि कॉइलही तिथेच. तोही हिशेब ठेवा.

केशवाहिनी_१

सूक्ष्मधमनी, तुमचा आक्षेप मान्य, पण बारीक वाहिन्यांचा विचार धमनिकांवर थांबवू नका. प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा मोठा वाटा केशवाहिन्यांचा असतो आणि त्यांना वेढणाऱ्या पेरिसाइट पेशी त्या आवळू शकतात. प्वाझचा नियम लावला तर व्यास १० टक्के घटल्यावर प्रवाह जवळजवळ ३४ टक्के घटतो. प्रत्यक्षात लाल पेशी वाहिनीएवढ्याच जाड असल्याने गणित आणखी वाईट.

२०१९ मध्ये लंडनच्या गटाने दाखवलं की ॲमिलॉइड बीटा (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) पेरिसाइटच्या जागीच केशवाहिन्या आकुंचित करतं: आधी क्रियाशील ऑक्सिजन रेणू, त्यातून वाहिन्या आवळणारं एंडोथेलिन-१, मग त्याचा ए प्रकारचा ग्राहक. त्याच वर्षी कॉर्नेलच्या गटाने अल्झायमरच्या उंदरांत साधारण २ टक्के केशवाहिन्या न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) अडकून ठप्प असल्याचं दाखवलं, सामान्य उंदरांत हे प्रमाण ०.४ टक्के. न्यूट्रोफिलवरच्या एलवाय६जी विरुद्ध प्रतिपिंड दिल्यावर काही मिनिटांतच प्रवाह वाढला. ‘हा अल्झायमर, तो रक्तवाहिन्यांचा’ अशी भिंत घालणाऱ्यांनी हे दोन्ही वाचावेत.

पेरिसाइट आकुंचन पावतात की नाही, या वादातला बराच भाग फिक्सेशनचा आहे. आकुंचनाचं प्रथिन, अल्फा स्मूथ मसल ॲक्टिन, पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये सावकाश फिक्स होतं, तोवर ॲक्टिनचे तंतू सुटे होतात आणि काचेवर काहीच दिसत नाही. उणे २० अंशांच्या मेथॅनॉलने झटकन फिक्स केलं की पुढच्या केशवाहिन्यांवरही ते दिसतं. ‘या पेरिसाइटमध्ये ॲक्टिन नाही’ असं कुणी लिहिलं तर पहिला प्रश्न फिक्सेटिव्हचा.

केशवाहिन्या वेगळ्या काढून प्रथिनं मोजायची असतील तर मेंदूचे तुकडे हलक्या हाताने कुटून १८ टक्के डेक्स्ट्रानमध्ये मिसळून थंडीत सेंट्रिफ्यूज करतात. मायलिन वर तरंगतं, वाहिन्या तळाशी बसतात. तो गाळ ४० मायक्रॉनच्या जाळीवर धुवायचा. प्रत्येक वेळी एक थेंब काचेवर बघा. चेतापेशींचं प्रथिन आणि ॲस्ट्रोसाइट या आधारपेशींचं जीएफएपी यांची पट्टी जेलवर फिकी पडल्याचं दाखवल्याशिवाय तो नमुना शुद्ध म्हणू नये.

दाबमापक

धमनिकांची भिंत बिघडली आहे की नाही हे सांगायचा सरळ मार्ग म्हणजे धमनिका बाहेर काढून तिच्यावर दाब देणं. धाग्यात हेच राहिलं होतं.

मधल्या सेरेब्रल धमनीच्या क्षेत्रातली पृष्ठावरची आवरणं अलगद ओढली की आत शिरणाऱ्या धमनिका सोबत निघतात. थंड द्रावणात, फांद्या नसलेला तुकडा. काचेच्या नळीवर सरकवून नायलॉनच्या एका तंतूने बांधायचा, दुसरं टोक बंद. द्रावणात सोडियम क्लोराइड १२० मिलिमोलरच्या आसपास, बायकार्बोनेट २४ ते २६, कॅल्शियम २, ग्लुकोज ४ ते ५. पोटॅशियम ३. ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेला वायू सतत, ३७ अंश. दाब ४० मिमी पारा. पृष्ठावरच्या मोठ्या धमन्यांना ६० ते ८०.

मग थांबायचं. निरोगी धमनिका तासाभरात स्वतःहून आकुंचित होते. होत नसेल तर कारणं तीन: कुठलीशी फांदी गळते आहे (पंप बंद केल्यावर दाब टिकत नाही), बायकार्बोनेटमधला वायू निघून पीएच चढलाय, किंवा बांधताना तुकडा ताणला गेलाय. हवेचा एक बुडबुडा आतून गेला तर एंडोथेलियम (आतलं अस्तर) संपलं. ते जिवंत आहे का, हे एनएस३०९ या रसायनाने तपासतात: १ मायक्रोमोलरला धमनिका जवळजवळ पूर्ण रुंदावली पाहिजे. स्नायू जिवंत आहेत का, ते ६० मिलिमोलर पोटॅशियमने. शेवटी कॅल्शियमविरहित द्रावण, ईजीटीए आणि डिल्टियाझेम घालून शिथिल व्यास. शिथिल उणे सक्रिय, भागिले शिथिल, गुणिले शंभर, हा मायोजेनिक टोन, म्हणजे दाबाखाली धमनिका स्वतःहून किती टक्के आवळली.

हे कशाला? कॅडासिल घ्या. नॉच३ जनुकातल्या दोषाने येणारा हा वंशपरंपरागत आजार म्हणजे सूक्ष्म वाहिन्यांच्या स्मृतिभ्रंशाचं सर्वांत शुद्ध रूप. आर१६९सी हा दोष घातलेल्या उंदरांच्या धमनिकांत टोन *कमी* सापडतो, कारण स्नायूपेशींवर केव्ही१ पोटॅशियम चॅनेल जास्त झालेले असतात. इथे दोष भिंतीतच आहे, मानेत नाही. ‘सूक्ष्म वाहिन्यांचा आजार’ लिहायचा असेल तर या उंदरांवर, नाहीतर स्ट्रोकप्रवण उच्चदाबी रॅटवर लिहा, आणि तिथेही हे मोजून.

नवखा_वाचक

सगळं उंदरांचंच चाललंय. माणसाच्या मेंदूत रक्त कमी पडत होतं की नाही हे मृत्यूनंतर कळतं का?

रंगकाम

कळतं, आणि युक्ती सुरेख आहे. ब्रिस्टलच्या गटाने रूढ केलेली. मायलिनमधलं एमएजी हे प्रथिन मायलिनच्या सर्वांत आतल्या थरात, ॲक्सॉनला (मज्जातंतूच्या गाभ्याला) लागून असतं, म्हणजे ते बनवणाऱ्या पेशीपासून सर्वांत दूर. पीएलपी१ हे दुसरं मायलिन प्रथिन सगळ्या थरांत. ऑक्सिजन कमी पडला की पेशीला दूरचा माल पुरवणं आधी झेपेनासं होतं, म्हणून एमएजी आधी घटतं. दोन्ही एलायझाने (प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रथिन मोजण्याची चाचणी) मोजून गुणोत्तर काढलं की जिवंतपणी त्या भागाला रक्त कमी पडत होतं का, याचा अंदाज येतो. मृत्यूनंतरचे तास दोन्ही प्रथिनांना फारसे बाधत नाहीत, हा मोठा फायदा. बीकॅसच्या उंदरांत हेच गुणोत्तर काढा, दोन्हीकडे एकच माप मिळेल.

एक लक्षात ठेवा. माणसाच्या मेंदूचा साधारण निम्मा भाग पांढरा. उंदरात तो दहा टक्क्यांच्या आसपास. तिथला नमुना काढताना शेजारचा करडा भाग हमखास सोबत येतो.

साशंक

एवढं सगळं मोजून रुग्णाला काय मिळालं? की पुन्हा ‘उंदरांत बरा झाला’ हीच बातमी?

सूक्ष्मधमनी

प्रश्न रास्त. सर्वांत ठोस पुरावा रक्तदाबाचा, आणि तो उंदरांकडून आलेला नाही. स्प्रिंट माइंड ही माणसांवरची चाचणी (२०१९): ९,३६१ जण, वरचा दाब १२० खाली की १४० खाली. १२० च्या गटात सौम्य बोधात्मक घट १९ टक्क्यांनी कमी झाली. स्मृतिभ्रंशातली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. चाचणी लवकर थांबली होती आणि स्मृतिभ्रंशाचे रुग्णही कमी निघाले होते. पुढे लासी-२ (२०२३): लॅक्युनर स्ट्रोकचे (मेंदूतली बारीक धमनी बंद पडून होणारा छोटा झटका) ३६३ रुग्ण, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट आणि सिलोस्टाझोल, दोन्ही जुनी औषधं, एंडोथेलियमला आधार देतील म्हणून निवडलेली. चाचणी मुळात असा प्रयोग व्यवहारात जमतो का हे पाहण्यासाठी होती. परिणाम आशादायक, निर्णायक नाहीत.

बीकॅसमध्ये सिलोस्टाझोल चाललं, एवढ्यावरून ते सूक्ष्म वाहिन्यांच्या आजारावर चालतं असं म्हणता येत नाही. रक्त कमी पडल्यावर ऑलिगोडेंड्रोसाइट वाचवतं, इतकं म्हणता येतं. माझा आग्रह या फरकाचा आहे.

कात्री_चिमटा

यात एक जोड. उंदीर मागवताना उपजात लिहून घ्या. सी५७ब्लॅक६ ‘जे’ आणि ‘एन’ वेगळे. ‘एन’मध्ये सीआरबी१ जनुकातला आरडी८ दोष असतो, दृष्टिपटल बिघडतं. जनुकबदल केलेले पुष्कळ उंदीर ‘एन’ पार्श्वभूमीवरचे असतात आणि तुलनेला लोक ‘जे’ घेतात. मग चक्रव्यूहातला फरक डोळ्यांचा निघतो. तुलनेला त्याच वीणीतली भावंडं घ्या.

आकडेमोड

आणि भावंडं दोन्ही गटांत विभागताना पिंजऱ्यानुसार चिठ्ठ्या टाका. एक पूर्ण पिंजरा एका गटात गेला की मारामारी, वजन, झोप, सगळं त्या गटाच्या खात्यात जमा होतं.